अधिकचं चिन्ह

वीस पिकर लावलेत यंत्राला,
मिनिटाला तीनशे ठोके.
अक्कलकोट रोड, पत्र्याची शेड,
एप्रिल. थर्मामीटर बघायचं सोडून दिलंय.
काउंटर ठोके मोजतो, मी काउंटरवर लक्ष ठेवते,
हत्तुरे सर माझ्यावर,
आणि सरांवर विजेचं बिल.

प्रश्न साधा: माल किती टिकतो?
उत्तरही साधंच, शेवटचा तुटेपर्यंत थांबा.
पण शेवटचा तुटेपर्यंत
गिऱ्हाईक दुसरीकडं जातंय की ओ, सर म्हणतात.

म्हणून योजना.
थांबायचं कधी ते आधीच ठरवायचं,
पहिला तडा जायच्या आत, मोह पडायच्या आत.
तारीख धरून थांबलं
तर त्या तारखेला सगळे वीस धडधाकट असतील
आणि आपल्याला काहीच कळलेलं नसेल.
मोड मोजून थांबलं
तर कॅलेंडर आपलं राहत नाही.
तिसरी वाट: मधूनमधून धडके काढून घ्यायचे.
कधी, किती, कुठल्या मोडीनंतर,
याच्या इतक्या तऱ्हा होतात
की तीन रात्री गेल्या, पाठकोरे कागद संपले,
आणि कमीत कमी चूक, कमीत कमी खर्च
हे दोघे एका ताटात जेवायला काही बसेनात.

आई शेजारी तेंदूपान कापत होती.
'काय करलालीस गं?'
किती काढायचे ते ठरवतेय.
'तुटके?'
नाही, चांगले.
कात्री थांबली.
चाळीस वर्षं तिच्या हजारातून छाट निघते,
चांगल्या विडीची छाट तिला मी नको शिकवायला.
'मग त्यांचं काय करता?'
वहीत लिहितो. आकडा, आणि पुढं अधिकचं चिन्ह.
म्हणजे इथवर टिकला,
पुढचं आम्ही पाहिलं नाही.
'एवढं तरी लिहिता,' ती म्हणाली,
आणि पान फिरवून घेतलं.

शेवटी ठरलं ते असं:
पहिला तुटला की चार काढा,
चौथ्याला तीन,
आठव्याला उरलेले पाच, आणि यंत्र बंद.
कोणते चार, ते चिठ्ठ्या टाकून;
दिसायला मजबूत म्हणून ठेवला
किंवा बिचारा म्हणून काढला, की गणित गेलं.

नवव्या दिवशी, पहाटे, पहिला गेला. तीन नंबर.
चिठ्ठ्यांत निघाले सात, अकरा, चौदा, वीस.
चौदा हातात घेतला. गरम होता.
कडेला ओरखडासुद्धा नाही.
लिहिलं: ३९,१२,०००+

काढलेले भंगाराच्या पेटीत टाकायचे असतात.
चौदा मी पर्समध्ये टाकला.
चोरीच ती. साखर पेठेतल्या नरसय्या येमूलना दिला,
त्यांच्या टॉवेलच्या मागाला बसला.
वहीत यासाठी रकाना नाही.

मग पावसाळाभर त्या गल्लीतून जाताना
मी चाल कमी करायचे.
खटाक् खटाक्. आहे. अजून आहे.
मनातल्या मनात लाख वाढवायचे,
अंदाजाने, जे माझ्या धंद्यात पाप आहे.

नंतर रिपोर्ट गेला, सरांना ऑर्डर मिळाली,
मला दुसरं काम: बेअरिंग. गल्ली सुटली.

काल गेले. दाराशी नरसय्या,
मागाच्या जागी मोकळी फरशी, चार खुणा तेलाच्या.
'विकला की माग. किलोवर.'
आणि तो पिकर?
'होता तसाच. त्याच्यासकट गेला.
त्याला काय झालं नव्हतं.'
कधी विकला?
'दिवाळीनंतर. गड्ड्याच्या आधी.
नक्की कुठं आठवतंय, बाई. दिवस सगळे सारखेच होते ते.'

बाकावर बसून हिशेब मांडला:
रोजचे बारा तास, मिनिटाला एकशेवीस,
दिवाळी ते गड्डा, खालची हद्द, वरची हद्द.
मग दोन्ही खोडल्या.
वरची हद्द मागाची होती,
चौदाची नव्हे.

जुनी वही काढली. पेन्सिलीने, समासात,
त्याच आकड्याच्या पुढं
त्या चिन्हावरून पुन्हा एकदा फिरवलं.
नरसय्यांसाठी काय लिहायचं
ते विचारायचं राहिलं.