कूळ

रुस्ताकच्या नकाशात एक झाड अडकलंय.

बाग एका घराण्याची. तीनशे बारा खजुरी,
वारस एकेचाळीस, बहुतेक मस्कतला,
दोघे झांझिबारला, पत्ता अर्धवट.
फलजचं पाणी दर नवव्या दिवशी,
वाटण्या होत होत मिनिटांवर आलेलं.
ते सगळं मी भरलं. भरता येतं.

पण भिंतीलगतची एक खजूर,
फक्त झाड, खालची माती नव्हे,
जुवैना बिंत सैफच्या नावावर.

तिचा बाप या बागेचा बिदार.
चाळीस वर्षं वर चढून नराचा तुरा मादीला बांधत राहिला,
झाडामागे एक घड, ही मजुरी.
म्हातारपणी मालकानं एक झाड लिहून दिलं,
पापडासारख्या कागदावर, चार साक्षीदार.

संगणक म्हणतो:
क्षेत्रफळ शून्य. नोंद घेता येत नाही.

गेराटीला दाखवलं. आमचा साहेब, आयर्लंडचा, रॉसकॉमनकडला,
उन्हानं सोडे झालेला.
बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला,
आमच्या गावात जमीनदाराची भिंत आहे,
नऊ फूट उंच, साडेचार मैल.
आतली हवेली आजोबांच्या लहानपणीच जळाली.
भिंत आहे. शाळेला अजून वळसा पडतो.

जळाली, म्हणतो तो.
कुणी जाळली ते मी विचारलं नाही.

मी म्हटलं, आमच्याकडे खोत होते,
आणि आम्ही कुळं.
कूळ म्हणजे घराणं. आणि कूळ म्हणजे
दुसऱ्याचं रान कसणारा.
एकच शब्द?
एकच. कुणी कूळ विचारलं
की आमची माणसं जरा थांबतात,
कुठलं विचारतोय त्याचा अंदाज घेत.

पणज्याचं नाव सातबाऱ्यावर
इतर अधिकारात होतं, उजवीकडे, बारीक.
कायदा आला तेव्हा ते डावीकडे गेलं.
कागदावर चार बोटांचं अंतर.
खोताचा नातू माझ्या बापाला
अजून अरे म्हणतो. बापही ओ देतो.

गुरुवारी जुवैना स्वतः आली,
आइस्क्रीमच्या डब्यात खलास घेऊन.
झावळी पोचते तिथवर जागा झाडाची, म्हणाली,
हे तुमच्या यंत्राला कुणी शिकवलं नाही?

मग टेप घेऊन गेलो.
मोफिजुल वर चढला, नोआखालीचा,
आता सगळी बाग तोच चढतो.
सर्वांत लांब झावळी कापून खाली टाकली.
तीन मीटर चाळीस.
मी वर्तुळ काढलं. छत्तीस चौरस मीटर, वर थोडं.
नोंद झाली.
एकेचाळीस जणांच्या हिरव्या चौकोनाला
कोपऱ्यात एक गोल भोक.

नाव कुणाचं लागलं, मोफिजुलनं विचारलं.
सांगितलं.
बरं, म्हणाला,
आणि झावळी उचलून खांद्यावर टाकली.
झाडू होतात त्याचे, दोन तरी.