तांबडं असतंय तवर

उद्यमनगरच्या मागची रात्रशाळा, खोली नंबर तीन.
बाहेर शेवटच्या लेथचा सूर उतरत चाललाय.
धडा तोच, एकोणीस वर्षं तोच:
मुलगा सात वर्षांनी घरी येतो,
बाप वर बघत नाही. एवढंच म्हणतो,
‘हातपाय धू. जेवून घे.’
आणि पुढचं वाक्य, ज्याखाली मी दरवर्षी रेघ मारायला लावते:
त्याचा आवाज गार पडलेल्या लोखंडासारखा होता.

उपमा अलंकार. बापाचा कोरडेपणा. दोन गुण.
लिहून झालं, हाताचा खडू झटकला.

तेव्हा मागच्या बाकावरून दस्तगीर जमादार
(शिरोलीच्या फाउंड्रीत साचे फोडतो, वर्गात बहुतेक डुलक्या)
म्हणाला, ‘म्याडम, लोखंड गार पडलंय हे कोण सांगतंय?’
‘लेखक.’
‘न्हाई ओ. लेखक कुठला? पोरगं सांगतंय.
आमच्यातबी नवीन पोरगं आलं की असंच म्हणतंय.
तांबडं असतंय तवर कोण हात लावत न्हाई.
काळं पडलं की वाटतंय, झालं गार,
आन् भाजतंय ते तिथंच.’
बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत
गुळगुळीत, केस न उगवलेली एक पट्टी.
‘ह्यो काळ्याचा. तांबड्यानं मला कधी भाजलं न्हाई.’

मग अनुसया चौगुले,
दिवसभर भडंगाच्या पुड्या भरून बोटांना लसणाचा वास,
तेच बोट पानावर ठेवून:
‘आणि हे बघा की. न्हाणीपाशी तांब्या भरून ठेवल्याला हाय,
पोरगं यायच्या आधीच. कुणी भरला?
घरात दुसरं कोणच न्हाई.’

मी वाचलं. होतं ते वाक्य.
एकोणीस वर्षं तिथंच होतं, काठोकाठ,
आणि मी त्याला ओलांडून जात होते.

‘जेव’ नाही म्हणाला तो. ‘जेवून घे’ म्हणाला.
हे मात्र माझं मला सुचलं, व्याकरण शिकवते ना.
‘घे’ला इथे स्वतःचा अर्थ नसतो, असं सांगत आले,
सहायक क्रियापद, मुख्याला टेकून उभं.
पण हात पुढे केल्याशिवाय
कोण कुणाला ‘घे’ म्हणतं?
थोडा वेळ फळ्याकडे तोंड करून उभी राहिले,
काही पुसायचं असल्यासारखी.

‘पेपरात काय लिवायचं मग?’
खरा प्रश्न. नमुना उत्तरात ‘कोरडेपणा’ छापलेलं आहे,
तपासणारा कुठे साताऱ्यात बसलेला, समोर गठ्ठे.
‘कोरडेपणा लिही,’ म्हटलं,
‘आणि पुढे जोड, असं मुलाला वाटतं.’
‘मार्क कापतील?’
‘कापतील बहुतेक.’
‘कापू द्या,’ म्हणून त्यानं वही मिटली. पहाटपाळी होती.

साडेनऊला कुलूप लावून निघाले.
कोपऱ्यावरच्या कारखान्याच्या दारात
दिवसाची कास्टिंगं रचलेली, काळी, गप्प.
शटर अर्धं खाली. कोणी बघत नव्हतं.
पिशवी डाव्या हातात घेतली
आणि उजवा तळवा वर धरला,
न टेकवता.