तीस मायक्रॉन

कैलास राठवाने पिशवीतून काढलेला दगड
एका बाजूने गुळगुळीत होता.
म्हणाला, जांबुघोड्याकडचा आहे, मावशीचं जातं फुटलं
त्याचा तुकडा. सर म्हणाले, स्लाइड करून घे
शिर्केबाईंकडून.

बावीस वर्षं मी हेच करते.
आधी बाबा करायचे. ते गेले, त्यांच्या स्टुलावर मी आले,
बारावी पास, भूगोलात काठावर.
करवतीवर चकती कापायची, काचेला चिकटवायची,
मग घासायची: दोनशेवीसची पूड, चारशेची, सहाशेची,
शेवटी हजारची, मैद्यासारखी.
बोटांचे ठसे जातात त्यात.
आधारच्या यंत्रानं मला तीनदा ओळखलं नाही.

मधून मधून भिंगाखाली बघायचं.
गारगोटी पिवळी दिसली तर अजून जाड आहे.
राखाडी झाली की थांबायचं,
नाहीतर पुढच्या दोन फेऱ्यांत
डोंगर पुसला जातो.

हा आधी चिखल होता, सर मुलांना सांगतात.
कुठल्याशा उथळ समुद्राचा,
ज्याला नाव द्यायला कुणी नव्हतं, नावं ठेवायलाही नव्हतं.
मासा नाही, शिंपला नाही, काठावर गवताचं पातं नाही,
नुसता गाळ गाळावर बसत गेला.
दबून त्याची पाटी झाली,
पाटीचा फिलाइट, जुन्या जरीसारखी चमक आलेला,
आणखी खाली, आणखी ताव,
आणि बाजूने रेटा आला तेव्हा
अभ्रकाची पानं सगळी एका अंगावर वळली,
जसा रावपुऱ्यात मिरवणुकीला वाट देताना
माणूस न् माणूस आडवा होऊन उभा राहतो.
रेटा ओसरला. पुन्हा आला, दुसरीकडून.
घडीवर घडी पडली.
मग शेजारून ग्रॅनाइट वर चढला, लालबुंद,
त्याच्या आचेनं हा भाजून निघाला.

वितळला मात्र नाही.
यावर सरांचा फार जोर, परीक्षेत येतं म्हणे.
जे काही झालं ते घन असतानाच झालं,
जागच्या जागी, कणानं कण धरून.

संध्याकाळचे सात. पंखा बंद, पूड उडते म्हणून.
निकोल आडवे केले, तशी अभ्रकं पेटली,
निळी, गुलाबी, पोपटी,
आणि मधोमध एक काळं भोक.
गार्नेट. त्याला आडवा उजेड चालत नाही.
सरळ उजेडात मात्र फिकट डाळिंबी,
आणि पोटात बारीक ठिपक्यांची ओळ,
वळत, गोल फिरत गेलेली,
बाहेरच्या कुठल्याच रेघेशी न जुळणारी.

सर म्हणाले, ही जुनी ठेवण.
बाहेरची मोडली, नवी बसली.
यानं वाढता वाढता जेवढी पोटात घेतली
तेवढीच राहिली.

मी मुलीशी गुजरातीत बोलते.
भाजीवाल्याशी, देवाशी, नवऱ्याशी भांडतानासुद्धा.
पण घासताना फेरे मोजते ते बाबांसारखे:
लाभ, दोन, तीन, चार...
एकाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं,
खळ्यावर धान्य मोजतात तसं.
साताऱ्याहून घोड्यावर आलेल्या कुणाचं तरी खळं.
बडोद्यात आमच्या पाच पिढ्यांत
नांगर कुणी धरलेला नाही.

सकाळी कैलासनं डोळा लावला.
बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं,
यात मावशीचं दळण दिसतं का?

दिसत नाही, म्हटलं.
ती बाजू मी कापली नाही.
कागदात गुंडाळून ठेवलेला अर्धा तुकडा त्याला दिला.
त्यानं गुळगुळीत अंगावरून अंगठा फिरवला, एकदा,
आणि अंगठ्याला काही लागलंय का
ते बघितलं.