निंभोऱ्याचं फाटक

मालगाडी लांबलचक.
फाटकाआड केळीचे दोन ट्रक, माझी बंद केलेली लुना
आणि सुपडू नेहेते, सायकलवर.
मागे अंड्यांचे सात ट्रे, एकावर एक, सुतळीनं आवळलेले.
त्याचा पाय जमिनीला लागत नाही.
म्हणजे लागू शकतो. तो लावत नाही.

एकोणीस वर्षं मी नववी 'ब'ला सांगत आलो,
चाकं फिरतात म्हणून सायकल पडत नाही.
फळ्यावर बाण काढायचो,
हवेत डस्टर फिरवून दाखवायचो.
इथे चाकं फिरत नाहीत.
सुपडू पडत नाही.

मग नीट बघितलं.
रूळ उंचावर, रस्ता त्यांच्याकडे चढतो.
हँडल डावीकडे तिरपं.
डावीकडे कलला की पायडलवर नखाएवढं वजन:
चाक बोटभर पुढे, म्हणजेच डावीकडे,
त्याच्याच खाली जाऊन उभं.
उजवीकडे कलला की पाय सैल;
चढ त्याला मागे लोटतो,
चाक निमूट उजवीकडे.
पडणं दर वेळी सुरू होतं.
तो ते संपू देत नाही, एवढंच.

आणि अंडी? इतकी उंच?
तर खराटा तळहातावर उभा राहतो, पेन्सिल राहत नाही.
उंच वस्तू सावकाश कलंडते,
तेवढ्यात हात तिच्याखाली नेता येतो.
हे मला येत होतं.
परीक्षेत विचारलंही होतं, तीन गुणांना.

एक्केचाळीस डबे, बेचाळीस,
त्रेचाळीसला माझी मोजणी चुकली.
"सुपडू, टेक की पाय. किती वेळ थांबशील?"
त्यानं मान वळवली नाही.
"थांबलो कुठी मास्तर? चालूच त र्‍हायलो."

गार्डाचा डबा गेला. फाटक वर.
ट्रकांनी एकदम हॉर्न मारले.
माझी लुना पायडल मारमारूनही सुरू होईना.
तो रूळ ओलांडून गेलासुद्धा,
ट्रे दोनदा कुरकुरले फक्त.

सोमवारी वर्गात म्हटलं,
मागच्या आठवड्याचं पान काढा. फुली मारा त्यावर.
शेवटच्या बाकावरून भाग्यश्री भारंबे म्हणाली,
सर, मग आता काय लिहायचं?
म्हटलं, लिहू नका अजून.
चार वाजता सायकली काढा.
ग्राउंडच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी
थोडा चढ आहे.