जेवणानंतर

डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर लिहिलं: एक गोळी, जेवणानंतर.
हरेश्वरनं विचारलं, कुठल्या?
त्या हसल्या. तो हसला नव्हता.

परळला एकशे बारावा नंबर,
त्यापायी बुडालेली हजेरी,
हजेरीपायी मुकादमाची शिवी,
मग माहुलच्या सातव्या मजल्यावर
बंद लिफ्टशेजारी नुसतं बसून राहणं.
यात आजार कुठून सुरू होतो
मला बोट ठेवून दाखवता येत नाही.

जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
रेशनकार्डावरचं नाव विचारल्यावर बघतो तसं.
"वाटतं. पगार थकला की जास्त.
पण पगार झाला त्या रात्रीही वाटलं, बाई,
तेच कळत नाही."

गोळ्या घरात ठेवू नका म्हणाल्या,
म्हणून पाकीट शेजारच्या जुबेदाकडे.
साडेआठला ती एक गोळी आणते मुठीत,
दुसऱ्या हातात झाकलेली ताटली.
आधी हे, म्हणते,
आणि उंबऱ्यात बसते, उठत नाही.

काल बोंबलाचं कालवण होतं.
अर्धंच खाल्लं त्यानं.
चौथ्या दिवशी पहिलं वाक्य बोलला:
मीठ जास्त झालंय.
जुबेदा म्हणाली, उद्या कमी घालते.