एकाहत्तर

फोंड्याच्या कचेरीत पंखा आहे,
तो कागदांना भिऊन हळू फिरतो.
टोकन चौतीस. माझ्याआधी एक म्हातारा
दात काढल्याच्या बिलावरून भांडत होता.

नाव? सत्यवती जल्मी.
गाव? भोम.
काम? कुंडईला, गोळ्यांच्या कंपनीत, पॅकिंगला…
होते.
हे "होते" मी मागाहून जोडलं,
बस सुटल्यावर पदर आत ओढून घ्यावा तसं.

बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला.
चांगल्या होत्या, पाणी पिता का विचारलं.
मग पेनाच्या टोकाने दाखवलं,
ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर
आणि पुढे नुसत्या आडव्या रेघा.
बेकारी भत्त्याला अठ्ठ्याहत्तर दिवस लागतात.
तुमचे एकाहत्तर भरलेत.

मी पगाराच्या चिठ्ठ्या काढल्या.
रबरबँड तुटला, चिठ्ठ्या बाकाखाली गेल्या.
म्हाताऱ्याने पायाने एक पुढे सरकवली.
हे बघा, जानेवारी. हे मार्च. विम्याचे कापलेत ना?
कापलेत, बाई म्हणाल्या. भरले नाहीत.

मला वाटायचं
ही एकाच दोरीची दोन टोकं.

ठेकेदार तळावलीकर. फोन बंद.
म्हापशाच्या त्याच्या ऑफिसात आता केक मिळतात.
तक्रार लिहून द्या, चौकशी होईल.
किती दिवसांत?
बाईंनी पंख्याकडे बघितलं.

नऊ वर्षं मी स्ट्रिपा तपासल्या.
पट्ट्यावरून सरकत यायच्या, दहा घरं, दहा गोळ्या.
घर रिकामं दिसलं की उचलायची,
लाल डब्यात.
डोळा असा बसला होता
की चवथीला माटोळीखाली उभी राहिले
तरी आधी दिसायचं, कुठे काय बांधायचं राहिलंय.
सुपरवायझर नाझारेथ म्हणायचा,
तुझ्या हातून रिकामं घर बाहेर जात नाही.
पडद्यावर माझी अर्धी स्ट्रिप रिकामी होती.
बाईंचाही डोळा बसलेला.

फक्त सात हवे होते.
तीन महिन्यांतले कुठलेही सात.
निवडायचेच तर
तो घ्या, मशीन बंद पडलं
आणि आम्हाला हजेरी लावून उन्हात उभं केलं.
तो रविवार घ्या, निम्म्या पोरी तापाने पडल्या म्हणून बोलावलेला.
आईच्या बाराव्याचा दुसरा दिवस घ्या,
मी तासभर आधीच जाऊन गेटवर बसले होते.
उर्सुलाचं बोट सीलखाली आलं, तो दिवस,
तिची पाळीही मीच ओढली, तो खरं तर दोनदा धरा.
झाले किती? पाच.
बाकीचे आठवत नाहीत. साधे दिवस होते.
डबा खाल्ला असेल. पाय सुजले असतील.

सकाळी पोदेर आला, भोंपू वाजवत.
मिंगेलची वही म्हणजे तेलकट, कोपरे दुमडलेली,
पण तारीख चुकत नाही.
मी जानेवारीचं पान काढायला लावलं.
घरी असले की चार पाव.
कामावर असले की सहा, दोन डब्याला.
सहा, सहा, सहा, चार, सहा.
सायकलला टेकून मी बोटाने मोजत गेले.
मार्चच्या एकतीस तारखेपर्यंत
चौऱ्याहत्तर वेळा सहा.

वही देशील दोन दिवस? कचेरीत दाखवते.
वही कशी देऊ, बाय?
तुझीच उधारी आहे तिच्यात.

ते खरं होतं.
त्याने टोपलीवरचं प्लास्टिक उचललं,
वाफेचा वास आला.
आज किती? चार?
मी सहा म्हटलं, तोंडातून गेलं.
त्याने कानामागची पेन्सिल काढून
सहा लिहिले.