तात्पुरती जखम

टोकन दोनशे चौदा. मोगराबाई तांडेल.
मुलीच्या बाळंतपणाला लेस्टरला निघालेल्या,
वांद्र्याच्या संकुलात, चौथ्या मजल्यावर,
माझ्या खिडकीसमोर.

आधी डाव्या हाताची चार बोटं, म्हटलं. जरा दाबून.
काचेखालून हिरवा उजेड सरकला
आणि पडद्यावर चार पांढरे डाग.
दर्जा अपुरा.
पुन्हा. दर्जा अपुरा.
ओल्या कागदानं पुसून, बोटांवर फुंकर घालून, पुन्हा.

"माजं काय चुकलं गो?"
नाही मावशी, यंत्राला तुमच्या रेषा दिसत नाहीत.
"दिसतील कशा? अडतीस वर्सं ससून डॉकात कोलबी सोलली,
बर्फातून काढून काढून.
टरफलांबरोबर गेल्या. जा, गोळा करून आण."

मी हसले. मागची रांग हसली नाही.

या काचेला मी शिव्या देत नाही, उगाच कशाला.
गेल्या वर्षी मुनीर दळवी आला होता, जहाजावरचा फिटर,
दर बंदरात तीन-तीन तास बाजूला बसवलेला
कुणा दुसऱ्याच मुनीर दळवीच्या पापापायी.
त्याच्या दहा बोटांनी साक्ष दिली:
हा तो नव्हे.
व्हिसा हातात पडला तेव्हा पेढे घेऊन आला.
नियमानं घेता येत नाहीत. घेतले.

आणि तो कॉलेजातला मुलगा, ज्यानं विचारलं,
हे ठेवता कुठे? चोरीला गेलं तर?
पासवर्ड बदलेन मी. बोटं कुठून आणू?
फलकावर सगळं लिहिलंय, मी म्हटलं.
फलक मीही वाचलाय.
'कुठे' तेवढं त्यात नाही.

माझे आजोबा चाळिशीत सही शिकले,
कुणी अंगठाछाप म्हणू नये म्हणून.
इथे डॉक्टर, सीए, प्राध्यापक
ओळीनं अंगठा टेकवतात
आणि मी म्हणते, थँक्यू सर.

ठसे न मिळण्याचं कारण निवडा, पडदा म्हणाला.
बोट नाही. बँडेज. तात्पुरती जखम.
झीज यादीत नव्हती.
काम तर नव्हतंच.
मी तात्पुरती जखम निवडली.
अडतीस वर्षं.

"झालं?"
झालं. आता फोटो. हसायचं नाही हं.
त्या हसत नव्हत्याच.

त्या गेल्यावर काच पुसली, स्पिरिटनं,
नेहमी एकदा पुसते, आज दोनदा.
तरी दोनशे पंधरानं नाक मुरडलं,
इथे कसला वास येतोय?

चार बोटं, मी म्हटलं. जरा दाबून.